मायोपिया कंट्रोल लेन्स: लेकीसाठी घेतल्या, कशा आहेत ते सविस्तर

आधी थेट मत सांगते. ज्या शाळकरी मुलांचा मायनस नंबर (यालाच मायोपिया म्हणतात) भराभर वाढतोय त्यांच्यासाठी या लेन्स घेण्यासारख्या आहेत, आम्ही लेकीसाठी घेतल्या आणि मी समाधानी आहे. पण लेन्स कितीही भारी असली तरी ती नाकावर कशी बसलीये, दिवसातले किती तास डोळ्यांवर आहे आणि नंतर डोळ्याची लांबी कोणी मोजतंय का, या तीन गोष्टींवर सगळं अडलेलं असतं. जाहिरातीत टक्के मोठ्या अक्षरांत असतात आणि या तिन्हींचा उल्लेख कुठेतरी कोपऱ्यात, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

लेन्स नेमकी काय आहे ते आधी. साध्या मायनस चष्म्यात पूर्ण काचेला एकच पॉवर असते. या लेन्समध्ये मधला भाग मुलाच्या नंबरचा, एकदम स्वच्छ, आणि त्याच्याभोवती अगदी बारीक बारीक भिंगं बसवलेली असतात. सध्या सगळ्यात जास्त नावं ऐकू येतात ती दोन. एक होया कंपनीची मायोस्मार्ट, हाँगकाँग पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीसोबत बनवलेली, 2018 मध्ये बाजारात आली, मध्ये साधारण 9 मिलीमीटरचा मोकळा भाग आणि भोवती सुमारे 400 भिंगं, प्रत्येक जेमतेम मिलीमीटरभराचं आणि त्यात +3.50 ची जादा पॉवर. दुसरी एसिलॉर कंपनीची स्टेलेस्ट, तिच्यात 11 वर्तुळांमध्ये मिळून 1021 भिंगं. आमच्याकडे यांच्यासारखीच लेन्स आहे, कंपनी मुद्दाम लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते या पूर्ण प्रकाराला लागू आहे आणि एकीची बाजू घ्यायची नाहीये.

आता ही भिंगं कशाला? मायनस नंबर म्हणजे बहुतेक मुलांमध्ये डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो, त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या आधीच तयार होते आणि फळा धूसर दिसतो. जन्माच्या वेळी डोळा साधारण 17 मिलीमीटर लांब असतो आणि मोठेपणी 23-24 च्या आसपास थांबायला हवा, त्यापुढे एक मिलीमीटर जरी जास्त वाढला तरी अडीच-तीन नंबरचा फरक पडतो, एवढी ती गोष्ट नाजूक. साध्या चष्म्याने समोरचं स्पष्ट दिसतं पण डोळा वाढायचा काही थांबत नाही. ही जी कडेची भिंगं आहेत ती थोडा प्रकाश पडद्याच्या पुढे फोकस करतात आणि त्यातून डोळ्याला वाढ कमी करण्याचा इशारा मिळतो असं संशोधकांचं म्हणणं आहे. म्हणजे हा चष्मा एकाच वेळी दोन कामं करतो, मधून दिसायला मदत आणि कडेने वाढीला लगाम. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं, फिटिंग वगैरे, का महत्त्वाचं आहे ते आपोआप कळतं.

टक्क्यांबद्दल शांतपणे बोलायला हवं, कारण दुकानात "52 टक्के" ऐकलं की आईबापांना वाटतं नंबर निम्मा होणार. तसं अजिबात नाही. लागलेला नंबर कमी होत नाही, पुढे वाढण्याचा वेग कमी होतो. मायोस्मार्टच्या हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत 8 ते 13 वयाची मुलं होती, साधा चष्मा घालणाऱ्यांचा नंबर सरासरी 0.85 ने वाढला आणि या लेन्सवाल्यांचा 0.41 ने, डोळ्याची लांबी एकीकडे 0.55 मिलीमीटर वाढली आणि दुसरीकडे 0.21. तर ते 52 टक्के म्हणजे दोन वर्षांत जवळपास अर्ध्या नंबराचा फरक. ऐकायला कमी वाटतो ना? मलाही सुरुवातीला वाटलं की एवढ्याशासाठी कशाला. पण नंबर मायनस सहाच्या पुढे गेला की पुढच्या आयुष्यात पडदा सुटणे, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज, यांचा धोका चांगलाच वाढतो, आणि 2019 मध्ये संशोधकांनी आधीच्या अभ्यासांवरून काढलेला अंदाज असा आहे की एक नंबर जरी कमी वाढला तरी पडद्याच्या त्या मधल्या भागाच्या आजाराची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. सात-आठ वर्षांच्या पोरीला चष्मा लागला तर पुढे वाढायला दहा वर्षं पडलेली असतात, त्यात दरवर्षीचा पाव-पाव नंबर वाचला तरी हिशोब मोठा होतो. ज्यांच्या मुलाला पंधराव्या वर्षी अर्धा नंबर लागलाय त्यांचा हिशोब वेगळा, त्यांनी घाई करू नये.

आणखी एक, त्याच चाचणीत या लेन्सच्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाचा नंबर दोन वर्षांत वाढलाच नाही, पण बाकीच्यांचा कमी-जास्त वाढला. म्हणजे तुमचं मूल नेमकं कुठल्या गटात जाईल हे आधी कोणी सांगू शकत नाही आणि "आमच्या लेन्सने नंबर थांबतोच" असं काउंटरवरून कोणी छातीठोक सांगत असेल तर तिथून निघा.

आता फिटिंग. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण पैसे वाया जातात ते इथे.

मुलाने सरळ समोर बघितलं की बाहुली त्या मोकळ्या भागाच्या बरोब्बर मध्ये यायला हवी. तो भाग बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. चष्मा नाकावरून जरासा घसरला की बाहुली वरच्या भिंगांच्या पट्ट्यात जाते, फळा धूसर दिसतो, मग मूल एकतर मान मागे टाकून बघतं नाहीतर चष्म्याच्या वरून बघतं, आणि वरून बघितलं म्हणजे लेन्स असून नसल्यासारखीच. लहान मुलांच्या नाकाचा वरचा भाग चपटा असतो, त्यामुळे मोठ्यांच्या फ्रेमची छोटी आवृत्ती असलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमा सतत खाली येतात. आम्ही जी घेतली तिला नाकाजवळ हलवता येणारे सिलिकॉनचे पॅड आहेत आणि दांड्या कानामागे नीट वळतात, दिसायला ती लेकीच्या पहिल्या पसंतीची नव्हती, तिला मोठ्या गोल काचांची हवी होती, पण मोठी फ्रेम म्हणजे जड आणि घसरणारी. शेवटी रंग तिने निवडला आणि माप आम्ही, या वाटाघाटीवर दोघीही खूश आहोत.

ज्या ठिकाणी शेवटी चष्मा केला तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टताईंनी (डोळ्यांचा नंबर आणि चष्म्याचं माप काढणाऱ्या) आधी रिकामी फ्रेम लेकीच्या चेहऱ्यावर पूर्ण ॲडजस्ट केली, मग तिला उभं करून लांब बघायला लावलं आणि फ्रेममधल्या डमी काचेवर दोन्ही बाहुल्यांच्या जागी पेनाने खुणा केल्या, उजव्या डोळ्याचं नाकापासूनचं अंतर वेगळं, डाव्याचं वेगळं, उंचीसुद्धा मोजली. मग तिला चालायला लावलं, खाली वाकायला लावलं, पुन्हा खुणा जागेवर आहेत का बघितलं. याला वेळ लागतो आणि लागायलाच हवा. याच्या आधी आम्ही जिथे गेलो होतो तिथे (नाव नाही घेत) त्यांनी जुन्या चष्म्यावरूनच माप घेतलं आणि "चालतं हो, लहान मुलांना काय कळतंय" म्हणाले. साध्या चष्म्यात दोन-तीन मिलीमीटरचा फरक कदाचित खपून जाईल, या लेन्समध्ये नाही. आणि मुलांना कळतं, फक्त ती बोलून दाखवत नाहीत, कारण धूसर दिसणं हेच त्यांना नॉर्मल वाटायला लागतं.

दुकान कसं ओळखायचं हे कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की माप घेताना किती वेळ देतात ते बघा, आणि चष्मा मिळाल्यावर फ्रेम सैल झाली तर पुन्हा पुन्हा येऊ देतात का ते विचारा. मुलं खेळतात, टी-शर्ट काढताना चष्मा अडकतो, एका हाताने ओढून काढतात, दांडी फाकते. फ्रेम वरचेवर घट्ट करून आणावी लागते, हा या सेवेचाच भाग आहे असं धरून चला.

चष्मा घेण्याच्या आधीची तपासणी हा दुसरा विषय, आणि इथे कृपा करून शॉर्टकट मारू नका. मुलांचा नंबर डोळ्यात थेंब टाकूनच काढायला हवा, निदान पहिल्यांदा तरी. मुलांच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू इतका जोरदार असतो की मशीनमध्ये बघताना ती नकळत जवळ फोकस करतात आणि खोटा मायनस नंबर येतो किंवा आहे त्यापेक्षा जास्त येतो. थेंबांनी तो स्नायू काही वेळ शिथिल होतो मग खरा आकडा मिळतो. थेंब थोडे चुरचुरतात, बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही, नेहमीच्या थेंबांनी जवळचं वाचायला साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत त्रास होतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी परीक्षा नाही ना हे बघून जा, टोपी न्या, आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की अक्षरं पुसट दिसतील पण नंतर ठीक होईल, नाहीतर बिचारं घाबरतं.

याच तपासणीत कळतं की ही लेन्स आपल्यासाठी आहे की नाही. कारण शाळेतल्या मुलाला नीट दिसत नाही याची कारणं बरीच आहेत आणि ही लेन्स त्यातल्या एकाच कारणासाठी आहे. प्लस नंबर असेल तर नाही. एका डोळ्याला जास्त नंबर असल्याने तो डोळा आळशी झालाय, तर आधी योग्य नंबरचा चष्मा आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, ती रोज किती तास लावायची हे डॉक्टर ठरवतात. डोळा तिरळा असेल, ॲलर्जीने मूल सारखं डोळे चोळत असेल, तर तो इलाज आधी (डोळे चोळण्याची सवय तशीही मोडायला हवी, बुबुळाच्या आकारावर परिणाम होऊ शकतो). आणि आळशी डोळा घरी लक्षातच येत नाही हो, कारण दुसरा डोळा सगळं काम करत असतो, मूल पळतं, वाचतं, चित्रं काढतं, सगळं छान. अधूनमधून खेळता खेळता एक डोळा हाताने झाकून लांबचं काहीतरी वाचायला लावा, मग दुसरा झाकून. एका बाजूला कुरकुर केली किंवा हात काढायला लागलं तर लगेच दाखवा. ही काही तपासणीची जागा घेत नाही पण जायला उशीर होत नाही. शाळेतल्या तक्त्याच्या तपासणीवर पूर्ण विसंबू नका, लांबचा तक्ता प्लस नंबरची मुलं जोर लावून नीट वाचतात आणि मग पुस्तक वाचताना त्यांचं डोकं दुखतं, ओळ सुटते, अभ्यासाचा कंटाळा येतो, आणि सगळे म्हणतात आळशी आहे.

वापराबद्दल. सुरुवातीचे काही दिवस लेक म्हणायची कडेने बघितलं की थोडं विचित्र दिसतं, जिना उतरताना ती कठड्याला धरायची. मग डोळे फिरवण्याऐवजी मान फिरवून बघायची सवय लागली आणि तक्रार बंद झाली. वाचताना, फळा बघताना, काही अडचण नाही. बाहेरून लेन्स साधीच दिसते, तिरक्या उजेडात धरली की ठिपक्यांचं नक्षीकाम दिसतं, वर्गातल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही आणि तिला ते फार महत्त्वाचं होतं.

पण घालायचा किती वेळ, तर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. हे टाळता येणारं नाही. स्टेलेस्टच्या चाचणीत दोन वर्षांत सगळ्या मुलांचं मिळून नंबर वाढणं साधारण 55 टक्के कमी झालं आणि रोज किमान 12 तास घालणाऱ्यांमध्ये 67 टक्के. फक्त शाळेत घालायचा आणि घरी आल्या आल्या काढून ठेवायचा असं असेल तर या लेन्सवर पैसे घालू नका, खरंच. आमच्याकडे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं की सतत चष्मा लावला की नंबर वाढतो, थोडा कमी नंबरचा करून घ्या. प्रेमापोटी म्हणतात, पण 2002 मध्ये मलेशियातल्या मुलांवर हेच करून बघितलं होतं आणि कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. हे आजी-आजोबांना नीट समजावून सांगितल्यावर आता तेच तिला चष्म्याची आठवण करतात.

ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या कोटिंगबद्दल विचारतीलच. प्रत्येक दुकानात ते सुचवतात, मोबाइलमुळे डोळे खराब होतात ना मग घ्या असं. 2023 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने 17 चाचण्या एकत्र करून बघितल्या तर ब्लू कटने स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. त्या चाचण्या मोठ्या माणसांवरच्या होत्या, पण नंबर थांबवण्याचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही. स्क्रीनचा खरा त्रास म्हणजे फार जवळ धरणं, तासन् तास न थांबणं आणि पापण्या कमी मिटल्या जाणं, त्यावर कोटिंग काय करणार. तेवढ्या पैशात फ्रेम चांगली घ्या.

आणि उन्हा-उजेडात खेळणं. लेन्स घेतली म्हणून हे सुटत नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळांमध्ये रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं मुलांना, तीन वर्षांनी नव्याने मायनस नंबर लागलेली मुलं तिथे 30.4 टक्के होती आणि नेहमीच्या शाळांमध्ये 39.5. तैवानने 2010 पासून शाळांमध्ये रोज 120 मिनिटं बाहेर हा कार्यक्रमच चालवलाय. घरातला दिवा लावून काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, बाहेर ढगाळ दिवशीही कित्येक हजार. लहान भावंडाला अजून नंबर लागला नसेल तर त्याच्यासाठी हाच सगळ्यात मोठा उपाय आहे आणि त्याला कुठलीच लेन्स लागत नाही. आम्ही शाळा सुटल्यावर लगेच क्लासला पाठवणं बंद केलं, मध्ये मैदानाचा वेळ ठेवला, अभ्यासाचं काही बिघडलं नाही.

टिकाऊपणा ठीक. या लेन्स पॉलिकार्बोनेटच्या असतात, चेंडू लागला तरी काचेसारख्या फुटून डोळ्यात जात नाहीत ही मुलांसाठी फार मोठी गोष्ट. पण कोरड्या कपड्याने किंवा शर्टाच्या टोकाने पुसल्या की चरे पडतात, आमच्या पहिल्या जोडीवर पडलेच. आता वाहत्या पाण्याखाली सौम्य साबणाने धुवायच्या आणि मऊ कापडाने टिपायच्या हे ती स्वतः करते. नंबर बदलला की दोन्ही काचा नव्या, खर्च पुन्हा, आणि साध्या लेन्सपेक्षा या बऱ्याच महाग असतात हे घेण्याआधीच मनात धरा. ज्यांना झेपत नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नका, डॉक्टरांना नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या, कमी तीव्रतेच्या ॲट्रोपिन थेंबांबद्दल विचारा, तोही अभ्यासलेला पर्याय आहे. हाँगकाँगच्याच एका मोठ्या चाचणीत 0.05, 0.025 आणि 0.01 टक्के असे तीन प्रकार तपासले तर 0.05 चा परिणाम सगळ्यात चांगला आला. मात्र थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, मेडिकलवाल्याला विचारून नाही. आणि काहीच नाही जमलं तरी पूर्ण नंबरचा साधा चष्मा, दिवसभर, अधिक बाहेर खेळणं, हे कमी समजू नका.

आमचा निकाल विचाराल तर नंबर आधी ज्या वेगाने चढत होता तसा आता चढत नाहीये, डोळ्याची लांबीसुद्धा कमी वेगाने वाढतेय. पण हे लेन्समुळे किती, मैदानामुळे किती आणि वयामुळे किती हे एका मुलीवरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. लांबी मोजायचं मशीन असतं, मूल एका दिव्याकडे काही सेकंद बघतं, डोळ्याला स्पर्शसुद्धा होत नाही, आकडा मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत येतो. तपासणीच्या ठिकाणी हे मशीन आहे का ते आधी फोन करून विचारा आणि प्रत्येक वेळचा आकडा स्वतःजवळ तारखेसकट लिहून ठेवा. थोडी वाढ दिसली म्हणून घाबरू नका, नंबर नसलेल्या मुलांचा डोळासुद्धा या वयात वर्षाला मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास वाढतो. त्याहून फार जास्त वाढत असेल तर आधी फिटिंग आणि घालण्याचे तास तपासा, ते ठीक असेल तर ॲट्रोपिनचे थेंब जोडायचे का याबद्दल डॉक्टरांशी बोला.

कधी थांबवायचं हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. हाँगकाँगच्या मायोस्मार्ट चाचणीतल्या मुलांचा सहा वर्षांपर्यंतचा पाठपुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झालाय, त्यात लेन्स बंद केल्यावर नंबरने एकदम उसळी घेतली असं दिसलं नाही, ही चांगली गोष्ट. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय की लांबी बराच काळ स्थिर राहिली तरच साध्या चष्म्याचा विचार करू, तोपर्यंत दर सहा महिन्यांनी मोजायला यायचं. पुढची तारीख परीक्षा संपल्यानंतरची घेतलीये, त्या वेळी पुन्हा थेंब टाकून नंबर काढणार आहेत.